दोन वाऱ्यांमधला तास

गेटवेहून मांडव्याची लाँच सुटली की मी मागच्या कठड्याशी जागा धरते. बहुतेक प्रवासी सीगल पक्ष्यांना खाऊ घालण्यात रमलेले असतात. मी बघत असते ताजच्या समोर पाण्यात बांधलेल्या शिडाच्या होड्या. पावसाळा सरला की ऑक्टोबरात त्या पाण्यात उतरतात आणि पुढचा पाऊस तोंडावर येईस्तोवर तिथेच बोयांना बांधलेल्या असतात. शिडं उतरवून ठेवलेली, नुसत्या डोलकाठ्या उभ्या. एकाच पाण्यात, एकाच वाऱ्यात असूनही सगळ्यांची तोंडं एकीकडे नसतात. दुपारची भरती दक्षिणेकडून बंदरात शिरत असते आणि वारा वायव्येचा असतो. ज्या होड्यांच्या पोटाखाली जड, खोल कील आहे त्या प्रवाहाकडे तोंड करतात, म्हणजे समुद्राकडे बघत उभ्या राहतात. ज्या हलक्या आणि उथळ आहेत त्या वाऱ्याकडे, म्हणजे शहराकडे तोंड करतात. भरती संपत आली, प्रवाह मंदावला की जड होड्याही सावकाश वळायला लागतात. पण तोवर लाँच बरीच पुढे गेलेली असते.

पाण्याचं ऐकायचं की वाऱ्याचं, हे त्या त्या होडीच्या बांध्यातच ठरलेलं असतं. "मला सेलिंग शिकायचंय, पण कुठलं शिकू?" असं हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, तेव्हा मला ही वेगवेगळीकडे बघणारी तोंडं आठवतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक जिना तयार असतो. तळ्यातली एकट्याची छोटी होडी ही पहिली पायरी, मग बंदरातली मोठी होडी, मग किनाऱ्याची सफर आणि सगळ्यात वर महासागर. मला हा जिना मान्य नाही. जन्मभर तळ्यातच होडी चालवणारी आणि वाऱ्याची एकेक लहर आधी ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना समुद्रावर जायचंच नव्हतं. दुसरा हमखास प्रश्न असतो तो हिमतीचा, म्हणजे किती वारा सोसवेल याचा. त्याचं उत्तर शिकता शिकता कळतं, सोसण्याची ताकद वाढतेही. मी मात्र उलटं विचारते. वारा पडला, होडी जागच्या जागी उभी राहिली, तर तू काय करशील? कुठली होडी कुणाला मानवेल ते या उत्तरावरून जास्त नीट कळतं, असं माझं मत आहे.

मी शिकले ती पुण्याजवळच्या एका धरणाच्या पाण्यावर. सह्याद्रीतल्या धरणांचा वारा सरळ येत नाही. तो खिंडीतून घुसतो, डोंगराच्या कुशीत अडतो, पाण्यावर आला की दोन वाटांनी फुटतो. समोरच्या काठाची झाडं हलताहेत आणि आपल्या शिडात काहीच नाही, असं तिथे सारखं होतं. झुळूक यायच्या आधी पाण्यावर एक काळपट पट्टा सरकत येताना दिसतो. तो ओळखायला शिकणं हाच तिथला मोठा धडा. आणि पहिला धडा होडी मुद्दाम उलथवण्याचा. शिकवणारे सर सांगायचे, आधी पाण्यात पडा, भीती तिथेच सोडा, मग वर या. उलटलेल्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या पात्यावर उभं राहायचं, कडेला धरून अंगाचा भार मागे टाकायचा, की शीड पाण्यातून निथळत वर येतं.

त्या होड्या होत्या लेझर जातीच्या. आता त्यांना इल्का म्हणतात. सव्वाचार मीटरच्या आतबाहेरची लांबी, एक माणूस, एक शीड. तिच्यात वेगळं वजन नसतं, वजन म्हणजे तुम्हीच. वारा वाढला की पाय पट्ट्याखाली अडकवून पाण्यावर पाठ टाकायची आणि पोटाच्या स्नायूंवर सगळी होडी तोलून धरायची. या जातीची मला आवडणारी गोष्ट अशी की होडीचा सांगाडा तोच राहतो आणि शीड माणसाप्रमाणे बदलतं. भरल्या अंगाच्या पुरुषासाठी सात चौरस मीटरचं, त्याहून हलक्यांसाठी पावणेसहाच्या आसपासचं, मुलामुलींसाठी पावणेपाचच्याही आतलं. आपल्या वजनाला पेलेल तेवढाच वारा मागायचा, अशी सोय तिच्यात आधीच करून ठेवली आहे. 2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांत नेहा ठाकूर या मुलीनं ह्यातल्या सगळ्यात लहान शिडावर रौप्यपदक जिंकलं. ती मध्य प्रदेशातल्या देवासकडची, शेतकऱ्याच्या घरची, आणि शिकली भोपाळच्या तलावावर. तिचा फोटो मी माझ्या टेबलाशी लावला होता. समुद्र शेकडो मैल लांब असलेल्या गावातून इथवर येता येतं, हे मला रोज दिसायला हवं होतं.

एकट्याच्या डिंगीत वारा पडला की फार काही करता येत नाही. शरीर गप्प ठेवायचं. अंग जरा जोरात हललं तरी शिडात उरलेली हवा सांडते. होडीच्या मध्यावर पाय दुमडून बसायचं, शिडाची दोरी दोन बोटांत धरायची आणि मानेवर, कानाच्या पाळीमागे काही लागतंय का याची वाट बघायची. मला ते सुरुवातीला फार जड जायचं. ज्यांचं मन एकट्यानं शांत राहू शकतं त्यांच्यासाठी ही होडी आहे. जोर, तरुणपण, चापल्य हे सगळं नंतरचं.

दोघांच्या डिंगीत हीच शांतता वाटून घ्यावी लागते. मी जिच्याबरोबर एंटरप्राइझ चालवायला शिकले ती माझी मैत्रीण अजून माझ्याबरोबर आहे. एंटरप्राइझची शिडं निळी असतात. लांबून पाण्यावर ती पटकन वेगळी कळतात. एकीच्या हातात सुकाणू आणि मोठं शीड, दुसरीच्या हातात पुढचं लहान शीड, आणि दोघींची अंगं मिळून तोल. वारा असताना बोलायला वेळच नसतो, "वळतेय", "सोड", "ओढ" एवढंच. वारा पडला की मात्र दोघींमध्ये जे काही आहे ते सगळं वर येतं. अबोला असला तर तोही. या होडीत जोडीदार आधी निवडावा लागतो आणि होडी नंतर. 1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी सेलिंगच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल या दोघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. त्या शर्यतींबद्दल वाचताना माझं लक्ष नेहमी जागेवर जातं. मुंबई बंदरात प्रवाह जोरदार असतो. वारा कमी झाला की पुढे जाणारी होडीही प्रत्यक्षात मागे वाहत जाते. अशा पाण्यात दोघांपैकी एकाचा धीर सुटला तर दुसऱ्यानं काय करायचं?

बंदरातल्या कीलबोटींची तऱ्हा वेगळी. मुंबईच्या यॉट क्लबात सीबर्ड नावाच्या जुन्या धाटणीच्या होड्या आहेत. ओळखीनं त्यातल्या एकीवर मला दोरी धरायला जागा मिळाली. पोटाखालच्या वजनामुळे ती कलते, खूप कलते, आणि परत उभी राहते. एका बाजूनं वारा तिला लोटत असतो, दुसरीकडून तिचं वजन तिला सावरत असतं, आणि आपण त्या दोघांच्या मध्ये बसलेले असतो. डिंगीत मी सतत सावध असायचे. सीबर्डवर पहिल्यांदा मला आजूबाजूला बघायला फुरसत मिळाली. रांगेत उभी तेलवाहू जहाजं, बुचर बेटाच्या टाक्या, घारापुरीच्या डोंगरावर उतरलेलं ऊन, आणि मासेमारीहून परतणाऱ्या नौकांची धडधड. वय वाढतंय, गुडघे बोलायला लागलेत, पण वारा सोडवत नाही, अशा माणसाला मी बिनदिक्कत कीलबोट सांगते. चार माणसं लागतात हीसुद्धा तिची चांगलीच बाजू आहे. चौघांत एक जण तरी डबा आणतो.

आता ज्या तासाबद्दल मला खरं बोलायचं आहे त्याकडे येते. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलात शिकलेले असतात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर हे अगदी घड्याळ लावल्यासारखं चालतं. पहाटे अंगावर येतो तो मतलई, गार, कोरडा. त्याला डोंगराचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो. सूर्य वर चढू लागला की तो मऊ होत होत संपतो. दुपारकडे पश्चिमेचा खारा वारा उठतो, हळूहळू वायव्येकडे सरकतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. एक वारा संपलेला आणि दुसरा अजून सुरू न झालेला, असा एक तास मध्ये असतो. कधी तासाचे दोन होतात. समुद्र तेव्हा तेलकट दिसतो. शीड लोंबतं, लाटेबरोबर शिडाखालचा बूम इकडून तिकडे आदळतो, दोऱ्या कुरकुरतात. होडीला दिशाच राहत नाही.

या तासाबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जयगडजवळच्या खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी. ते आता नाहीत. तरुणपणी ते शिडाच्या गलबतावर होते. इंजिनं यायच्या आधीच्या त्या काळात मंगळुरी कौलं भरून दक्षिणेकडून मुंबईला यायचं, परत जाताना मिळेल तो माल घ्यायचा, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय हंगाम सुरू करायचा नाही, असा त्यांचा जन्म गेला. मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, वारा पडला की कंटाळा नाही यायचा?" ते पडवीत जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कंटाळा कसला? वारा असला की काम होडीच करते. वारा पडला म्हंजे आमच्या कामाची वेळ." मग त्यांनी ती कामं सांगितली. फाटलेलं शीड उतरवून शिवायचं, तळात साचलेलं पाणी उपसायचं, भात शिजवून घ्यायचा, रात्रभर जागलेल्याला झोपवायचं. प्रवाह उलटा असेल आणि पाणी उथळ असेल तर नांगर टाकायचा, म्हणजे निदान कमावलेलं अंतर जात नाही. आणि एक जण मात्र नुसता बसून पश्चिमेकडे बघत राहायचा. तांडेल दोन जातींचे असतात, असंही ते म्हणाले होते. एक शिडाकडं बघणारा आणि एक पाण्याकडं बघणारा. त्यांतला चांगला कुठला, हे मी विचारलं तर हसले आणि सुतळीची गाठ दातानं तोडली.

त्या गप्पांनंतर मी जुन्या आरमाराबद्दल वाचायला घेतलं ते वेगळ्या डोळ्यांनी. कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांच्या आरमाराचं वर्णन अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारांनी करून ठेवलं आहे. रॉबर्ट ऑर्मचं त्यात बारकाईचं आहे. गुराब ही मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पण आकाराच्या मानानं पाण्यात फार कमी खोल बसणारी. गलबत लहान, एका मोठ्या तिकोनी शिडाचं, आणि त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वल्हवून ते ताशी चार मैल जाई. वारा असला की ही जहाजं शिडावर धावत. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर बांधून वल्ह्यांनी ओढत नेत आणि जागच्या जागी अडकून पडलेल्या परक्या जहाजाच्या पिछाडीला उभी करत, जिथे त्याच्या तोफा फारशा पोचत नसत. मग गुराबांच्या नाळेवरच्या तोफा आधी त्याच्या डोलकाठ्यांवर चालायच्या. युरोपची उंच, खोल, भरपूर तोफांची जहाजं महासागरासाठी बांधलेली होती आणि तिथे ती थोरच होती. आमच्या लोकांनी मात्र जहाज निवडताना हा किनारा डोळ्यांसमोर ठेवला. उथळ खाड्या, वाघोटनसारखं आत दडलेलं पाणी, आणि रोज सकाळी हमखास पडणारा वारा. ज्या तासाला बाकीचे अडचण मानत होते तो तास त्यांनी आपल्या बाजूला करून घेतला. आरमारांच्या इतिहासात मला याच्याइतकं शहाणपणाचं फार थोडं सापडलं आहे, आणि विजयदुर्गाच्या तटावर उभं राहिलं की ते अंगावर येतं.

आजच्या नव्या सेलिंगला हा तास परवडत नाही. होडीखाली पंखासारखी पाती असतात, त्यांच्यावर ती पाण्याबाहेर उचलली जाते आणि वाऱ्याहून कितीतरी जोरात पळते. पतंगावर उडणाऱ्या फळ्यांच्या शर्यतीही 2024 पासून ऑलिंपिकमध्ये आल्या. बघताना श्वास अडकतो, ते कौशल्य अफाट आहे. त्या ऑलिंपिकच्या सेलिंग शर्यती मार्सेला होत्या आणि वारा न उठल्यामुळे काही शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. जगातले सगळ्यात वेगवान खेळाडू शांत समुद्रावर तासन्‌तास थांबलेले मी टीव्हीवर पाहिले. कॅमेरे त्यांच्यावरून फिरत राहिले. कुणी पाण्यात पाय सोडून बसलं होतं, कुणी डोळे मिटून. मी त्या दिवशी शर्यतीपेक्षा तेच जास्त वेळ बघितलं. वेगाची ओढ असलेल्या माणसानं हे प्रकार खुशाल निवडावेत, गोव्यात दोनापावलाच्या पाण्यावर मुलं विंडसर्फिंग करताना दिसतात तेव्हा मलाही वाटतं आपण पंचविशीत हे करायला हवं होतं. फक्त त्या वेगाची किंमत वाट बघण्यात मोजावी लागते, एवढं ठाऊक असलेलं बरं.

आणि महासागर? त्याच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा जपून चालतो. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा ही कल्पना भारतीय नौदलात रुजवली ती व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते राहत होते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला. समुद्रापासून इतक्या आत, माळावर बसून एका म्हाताऱ्या सैनिकानं ठरवावं की आपल्या माणसानं एकट्यानं जग फिरून यावं, याचं मला फार अप्रूप आहे. दिलीप दोंदे यांनी ते काम अंगावर घेतलं. ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटांची होडी गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली. दोंदे तिच्या बांधणीत पहिल्यापासून होते. कुठला बोल्ट कुठे आहे हे हातांना माहीत असल्याशिवाय माणूस एकटा एवढ्या लांब जाऊ शकत नाही. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन असे चार मुक्काम करून 19 मे 2010 ला परतले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच ‘म्हादेई’वर कुठेही न थांबता ती प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे ‘तारिणी’ या तिच्या धाकट्या बहिणीवर नौदलातल्या सहा जणी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 2017-18 मध्ये जग फिरून आल्या. तीच वाट, तोच बांधा. तरी एकट्याची सफर आणि सहा जणींची सफर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तारिणीवर कुणाचा तरी वाढदिवस असणार, कुणी तरी कुणाच्या वाटणीचा पहारा उभा केला असणार.

एकट्यानं कुठेही न थांबता जग फिरलेली पहिली होडी मुंबईत बांधलेली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’, सागवानी, बत्तीस फुटी, 1964 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली. 1968 च्या, एकट्यानं न थांबता जग फिरण्याच्या शर्यतीत नऊ जण निघाले आणि ‘सुहेली’तून एकटे नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांनी परतले. फ्रान्सचे बर्नार मॉतेसिए हेही शर्यतीत होते आणि खूप जोरात येत होते. हॉर्न भूशिर ओलांडल्यावर त्यांनी इंग्लंडची वाट सोडली. केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीनं चिठ्ठी फेकून त्यांनी ते कळवलं आणि पुन्हा पूर्वेकडे वळून थेट ताहितीला गेले. तिसरे डोनाल्ड क्राउहर्स्ट. त्यांचं कर्ज, त्यांची अर्धवट तयार होडी, जगाला दिलेला शब्द. त्यांनी अटलांटिकमध्येच थांबून खोट्या जागा कळवल्या आणि शेवटी त्यांची होडी रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांच्या कुटुंबाला दिले.

हे तिघे माझ्या मनात नेहमी एकत्र येतात. समुद्र तिघांनाही तोच होता. पहिल्याला घरी परत यायचं होतं, आणि काम म्हणून, नेटानं, रोज काहीतरी दुरुस्त करत तो आला. दुसऱ्याला पाण्यावर असणंच हवं होतं; शेवटची रेषा त्याच्या उपयोगाची नव्हती. तिसऱ्याला यातलं कुठलं हवं होतं, की दुसरंच काही जमिनीवर मिळवायचं राहिलं होतं, हे मला कधी उलगडलं नाही. त्याला कुणी तरी किनाऱ्यावरच हाताला धरून थांबवायला हवं होतं, असं वाटत राहतं.

विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात वारा पडतो तो तासाभरापुरता नसतो, दिवस जातात. तिथे तांडेलबाबांची कामाची यादीही संपत असेल. शिवायचं ते शिवून झालं, उपसायचं ते उपसून झालं, मग माणूस आणि आभाळ. मला ते पेलणार नाही हे मी जाणते, आणि त्यात मला उणं वाटत नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून लाकडी फळ्या काथ्यानं शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं, तेव्हाही माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला होता. चौकोनी शिडं, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही, इंजिन नाही. अशा जहाजावर वारा पडल्यावरचे दिवस कसे जात असतील? पंधराशे वर्षांपूर्वी माणसांनी ते कसे काढले असतील? अजिंठ्याला त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. चित्रकारानं शिडं रंगवली आहेत, पाणी भरायचे कुंभ रंगवले आहेत. कुंभ एवढे का, हे मला आता कळतं.

माझी होडी मला सापडली ती अशी उलट्या वाटेनं. एकट्याची शांतता मला थोडा वेळ गोड लागायची, नंतर कुणी तरी सोबत हवं असायचं. वेगाची भूक फारशी नव्हती. शर्यतीत मी कधी तरी पुढे असले तरी घंटा वाजल्यावर छातीत जे दडपण येतं ते मला नको होतं. किनारा दिसत राहावा, रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकावा, सकाळी मतलईवर बाहेर पडावं, दुपारी वायव्येच्या वाऱ्यावर दक्षिणेकडे सरकावं, आणि मधल्या त्या तासात चहा, भाजलेले शेंगदाणे, थोडं वाचन, थोड्या गप्पा. लहान कीलबोट, दोन माणसं, किनाऱ्याची सफर. हे कुणाला फार साधं वाटेल. पण रात्री डोलजाळ्यांचे खुंट चुकवत चालणं, खांदेरीचा दिवा मागे पडताना दुसरा कुठला दिसतो ते शोधणं, भांगाची भरती आहे की उधाणाची ते बघून खाडीच्या तोंडाशी पोचणं, एवढ्यात माझं सगळं चित्त गुंतून जातं. तिथे मी माझ्या घरात असते तशी असते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं मला तोच प्रश्न विचारला. ती बारा वर्षांची आहे, अंगानं हलकी, स्वभावानं तापट. ऑप्टिमिस्टपासून सुरुवात कर म्हटलं. 1947 मध्ये क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडातल्या मुलांसाठी आखलेली ती चौकोनी नाकाची, खोक्यासारखी होडी अजून जगभरच्या मुलांची पहिली होडी आहे. तिच्या शर्यतींत पंधरा वर्षांपर्यंतच उतरता येतं, तेव्हा वेळ थोडाच आहे. तिनं महिनाभर केली आणि मला फोन करून म्हणाली, "मावशी, वारा नसला ना, की मला रडू येतं. पण मी होडीतून उतरत नाही." मी तिला काही समजावलं नाही. पुढच्या सुट्टीत तिला माझ्याकडे बोलावलं आहे. दोघी मिळून एका सकाळी पाण्यावर जाऊ, ती सुकाणू धरेल.

त्याआधी, या हिवाळ्यात, मैत्रिणीबरोबर विजयदुर्गापर्यंत जायचं घाटतं आहे. नकाशे पसरून बसलो होतो. खाली जाताना वारा पाठीशी असेल, प्रश्न परतीचा आहे. वर येताना दुपारचा सगळा वारा नाकासमोर येणार आणि उरणार तो पहाटेचा मतलई. मी भरतीची वेळापत्रकं लावत होते तेवढ्यात ती म्हणाली, "अगं, मागचं इंजिन यंदा काढूनच ठेवूया का? त्याच्याऐवजी एक लांब वल्हं घेऊ." मी म्हटलं, "आणि जयगडच्या तोंडाशी ओहोटीत वारा पडला तर?" ती म्हणाली, "नांगर टाकू. भात लावू." मी म्हटलं, "खडकाच्या बाजूला वाहत गेलो तर नांगर धरेल कशावरून?" तिनं नकाशा आपल्याकडे ओढला आणि बोट ठेवून तिथली खोली वाचायला लागली. इंजिनाचं अजून ठरलेलं नाही. वल्ह्यासाठी लाकूड बघायला मात्र आम्ही परवा जातो आहोत.